इंटर्नशिपनंतर ऑफर आली, आता?

"दादा, इंटर्नशिप केली तिथूनच ऑफर आलीये. घेऊ का?" असे मेसेज सध्या बरेच येतायत. आमच्या टीममध्ये इंटर्न येतात आणि त्यांना कायम करायचं का या चर्चेत मीही बसतो, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

ऑफर ही मेहेरबानी नसते. नवा माणूस शोधायचा, त्याला शिकवायचं आणि तो टिकेल की नाही याची धास्ती बाळगायची, त्यापेक्षा महिनोन्‌महिने काम करताना पाहिलेला माणूस कंपनीला परवडतो. तेव्हा "एवढा विश्वास टाकला, आता नाही कसं म्हणू" हे ओझं आधी उतरवा.

मग तुम्ही काय पाहिलंत ते आठवा. इंटर्नचं काम मुद्दाम बेतून दिलेलं असतं. मुदतीत संपेल, शेवटी प्रेझेंटेशन करता येईल आणि फसलं तरी कुणाचं अडणार नाही, असं. नोकरीत तसं नसतं. म्हणून तिथेच इंटर्न होऊन कायम झालेल्या कुणाला तरी गाठा. "कसं वाटतं इथे?" विचारलंत तर "छान" एवढंच उत्तर मिळेल. "गेल्या आठवड्यात रोज काय काय केलंस?" असं विचारा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने हेच विचारलं. तिला हवं असलेलं डिझाइनचं काम समोरच्याच्या वाट्याला आठवड्यातून जेमतेम एक दुपार येत होतं, बाकी सगळी जुन्या कामाची दुरुस्ती. तरी तिने ऑफर घेतली. कारण इंटर्नशिपमध्ये तिचा मॅनेजर तिच्या कामात केलेल्या प्रत्येक दुरुस्तीशेजारी "का" ते लिहायचा. मला तिचा निर्णय शंभर टक्के पटला. पहिल्या नोकरीत शिकवणारा माणूस मिळणं मी पगाराच्याही वर धरतो.

पण तोच मॅनेजर मिळणार का, हे बघा. बऱ्याच ऑफर लेटरमध्ये "गरजेनुसार कोणत्याही विभागात" असं वाक्य असतं. एचआरला मेल करून टीम लेखी विचारा. प्रोबेशन (कायम होण्याआधीचा पारखण्याचा काळ), नोटिस पिरियड (नोकरी सोडण्याआधी द्यायची मुदत), बाँड (ठरावीक काळ सोडणार नाही अशी लेखी अट) आणि पगारातला व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग किती, हेही वाचा. व्हेरिएबल सहसा दरमहा हातात येत नाही.

विचाराला आठवडाभर मागायला लाजू नका. "आज संध्याकाळपर्यंत सांगा" म्हणणाऱ्यांबद्दल मला तरी शंका येते.

फक्त एक करू नका. होकार देऊन ठेवायचा, दुसरीकडे बघत राहायचं आणि जॉइनिंगच्या आदल्या दिवशी गायब व्हायचं. नकारच द्यायचा असेल तर ठरल्या दिवशीच कळवा, त्या जागेसाठी मागे कुणीतरी थांबलेलं असतं.