जुनी सेडान म्हणजे पांढरा हत्ती? आधी हिशोब तरी नीट मांडा

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. दहा-बारा वर्षांची सेडान म्हणजे पांढरा हत्ती. पंधरा वर्षं भरली की सरकार ती भंगारात काढतं, ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने इंजिन सडतं, पार्ट मिळत नाहीत आणि दुरुस्तीतच नव्या गाडीचा हप्ता निघतो. सबब कर्ज काढा, नवी छोटी एसयूव्ही घ्या. तीन लाखांच्या आसपास कुटुंबासाठी धड गाडी शोधणारा माणूस हे वाचून घाबरतो आणि न झेपणाऱ्या कर्जात शिरतो. म्हणून हे एकेक मुद्दा घेऊन तपासायला हवं. उदाहरणाला २००८ च्या अखेरीस आलेली आणि २०१३ पर्यंत विकली गेलेली होंडा सिटी घेऊ, कारण ती आजही आपल्या रस्त्यांवर भरपूर आहे.

भंगाराच्या मुद्द्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद, हा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली आणि परिसरासाठी दिला होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि पुढे त्यावर कोर्टात बरंच काही घडलं, पण तो विषय दिल्लीचा. दुसरी गोष्ट, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या मोडीत निघू लागल्या. त्या सरकारी, तुमच्या-माझ्या नव्हेत. तिसरी म्हणजे २०२१ चं स्क्रॅप धोरण. त्यात खासगी गाडी केवळ वयामुळे भंगारात जात नाही, तपासणीत नापास झाली तर जाते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी दाखवायची, नूतनीकरणाचं शुल्क आणि पर्यावरण कर भरायचा, की आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, पुढच्या पाच वर्षांसाठी चालू. वीस वर्षांपर्यंतच्या कारला केंद्राने हे शुल्क पाच हजार ठेवलं आहे. पूर्वी ते सहाशे होतं, त्यामुळे वाढ झोंबते हे खरं. मात्र हे शुल्क आहे, जप्ती नव्हे. तारीख तेवढी चुकवू नका, उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो.

ई-२० बद्दलची काळजी पूर्ण खोटी नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२० वर सहा-सात टक्क्यांनी घटेल, असं लिहिलं आहे. म्हणजे लिटरला चौदा देणारी गाडी तेरा देईल. खिशाला हे जाणवतं आणि ग्राहकाला पर्याय न ठेवता ते लादलं गेलं, हा राग मला रास्त वाटतो. पण इंजिन सडतं हे त्यातून सिद्ध होत नाही. १ जानेवारी २००९ नंतरच्या आपल्या गाड्यांचं साहित्य ई-२० ला चालतं, असं होंडाने जाहीर केलं आहे. त्याआधीच्या गाड्यांत रबरी होज, ओ-रिंग आणि पंपाचं सील तपासून घ्यावं. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

पार्ट मिळत नाहीत, हे काही गाड्यांना लागू आहे. ज्या कंपनीने भारत सोडला किंवा जिचं मॉडेल मोजकंच खपलं, तिथे हेडलाइटसाठीही वणवण होते. सिटीच्या बाबतीत मात्र बुश, लिंक रॉड, लोअर आर्म, इंजिन माउंटिंग, क्लच प्लेट हे कंपनीचं आणि बाहेरचं, दोन्ही मिळतं. इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे ठराविक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा खर्चच नाही. टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं, मात्र हाताने करावं लागतं आणि नेमकं तेच लोक वर्षानुवर्षं टाळतात. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं ते आधी विचारा.

आता हप्त्याचं. आठ लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षं : महिन्याला सुमारे १६,६०० रुपये, वर्षाला दोन लाखांच्या जवळ. त्यात एकूण व्याजच दोन लाखांच्या घरात. जुन्या सिटीच्या एखाद्या वाईट वर्षी चार टायर, बॅटरी, क्लच आणि सस्पेन्शनचं सगळं काम एकदम निघालं, तरी बाहेरच्या चांगल्या गॅरेजात ढोबळमानाने सत्तर-ऐंशी हजार होतील. आणि असं वर्ष दरवर्षी येत नाही. रोड टॅक्स पहिल्या मालकाने एकरकमी भरलेला असतो. इंजिन १,४९७ सीसीचं, म्हणजे थर्ड पार्टी विम्यात दीड हजार सीसीच्या आतला टप्पा. २०२२ च्या दरपत्रकात तो ३,४१६ रुपये अधिक कर आहे. नव्या गाडीचा विमा, टॅक्स आणि शोरूमबाहेर पडताच घटणारी किंमत हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

मला जास्त खटकतं ते हे, की जिथे खरा धोका आहे तिथे हा मेसेज गप्प आहे. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधल्या इन्फ्लेटरसाठी, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागासाठी, याच काळातल्या सिटी परत बोलावल्या गेल्या. त्यातलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं, आणि अपघातात इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे माणसाच्या अंगावर येऊ शकतात. मुंबई, कोकण, गोव्याची हवा म्हणजे नेमकी तीच. चॅसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की गाडीचं काम बाकी आहे का ते कळतं आणि ते फुकट करून मिळतं. सौदा ठरण्याआधी एवढं करा.

दुसरा धोका गंजाचा. इंजिन बांधता येतं, सडलेला पत्रा तितक्या सहज बांधता येत नाही. समुद्रकाठी राहिलेली गाडी लिफ्टवर चढवूनच बघा. दाराखालचा काठ, जॅक लावायची जागा, डिकीत स्टेपनी ठेवायचा खड्डा. मॅटखाली ओल असेल, किंवा सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलंय तिथला पत्रा टोकरल्यावर पापुद्रे निघत असतील, तर ती गाडी दीड लाखात मिळाली तरी सोडून द्या.