‘टेम इम्पाला’ या ऑस्ट्रेलियन संगीतप्रकल्पाच्या ‘करंट्स’ अल्बमविषयी फिरणाऱ्या मजकुराबाबत खुलासा

‘टेम इम्पालाचा करंट्स समीक्षकांनी झिडकारला, तरी त्याला ग्रॅमी मिळाले’ असा मजकूर सोलापुरातील संगीतप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या फिरत असून त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत. जुलै 2015 मध्ये आलेल्या या अल्बमला पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने 10 पैकी 9.3 गुण दिले आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात तो आरिया संगीत पुरस्कारांत वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बम ठरला. गिटार मागे सारून सिंथेसायझर पुढे आणल्याने काही जुने चाहते नाराज झाले हे खरे. परंतु त्यावरून समीक्षकांनी अल्बम नाकारला असे म्हणणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय. ग्रॅमीसाठी त्याला केवळ नामांकन होते, पुरस्कार अलाबामा शेक्स या बँडच्या अल्बमला गेला. टेम इम्पालाला पहिले ग्रॅमी मिळाले ते 2025 मध्ये, जस्टिस या फ्रेंच जोडीसोबतच्या एका गाण्यासाठी, आणि गफलत बहुधा तिथेच झाली असावी.

मजकुरात ‘बँडच्या वादकांचे’ कौतुकही आहे. प्रत्यक्षात लेखन, वादन, ध्वनिमुद्रण आणि मिश्रण ही सर्व कामे टेम इम्पालाचे सर्वेसर्वा केविन पार्कर यांनी एकट्यानेच केली. पहिल्या गाण्याच्या मध्यावर आवाज एकाच जागी अडकल्यासारखा होतो, तोही दोष नसून हेतुपुरस्सर केलेली रचना आहे. नवी पेठेतील एका श्रवणबैठकीत मात्र तो दोष समजून त्या ठिकाणी प्लेअर बंद करण्यात आला होता.