पार्किंगमधल्या इंजिनतज्ज्ञांस काही नम्र सूचना

घरच्या घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मोटरसायकलच्या दणकट इंजिनांची चाचणी घेणाऱ्या उमद्या मंडळींची संख्या आमच्या पुण्यात वाढते आहे, ही आनंदाचीच गोष्ट. पूर्वी या कामाला कारखाना लागायचा, पगारी माणसं लागायची, चाचणीचे तक्ते भरावे लागायचे. आता एक पार्किंग, तीन मित्र आणि एक मोबाइलचा टॉर्च एवढ्यावर भागतं. आवाजाचा तेवढा प्रश्न उरतो. म्हणजे तुम्हाला नाही, आम्हाला उरतो. पण तुम्ही मनाने मोठे. तेव्हा तो कमी कसा करावा यावर चार शब्द लिहावेत, असं गेल्या शनिवारी रात्री पावणेबारा वाजता, अंगात बनियन आणि पायात बायकोची चप्पल अशा वेशात पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या चिरंजीवांच्या गाडीपाशी उभा असताना माझ्या मनात आलं.

माझा अधिकार विचाराल तर पिंपरीच्या एका कारखान्यात २६ वर्षं इंजिन टेस्टिंगला काढली. हे मी त्या रात्रीही सांगितलं. "काका, ते जुनं झालं आता," असं उत्तर आलं. म्हणजे अधिकार नाही. तरी लिहितो, कारण झोप तशीही उडाली आहे.

सुरुवात वेळेपासून करू. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यात रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. नियम करणाऱ्यांना ट्यूनिंगमधलं काही कळत नसावं. इंजिन रात्री अकरानंतरच मोकळं होतं, दिवसा ते लाजतं, हे कुठलाही जाणकार सांगेल. शिवाय दिवसा तुम्ही झोपलेले असता. तेव्हा वेळ आहे तीच ठेवा.

जागाही उत्तम निवडली आहे. उघड्या माळरानावर आवाज फार वाया जातो हो. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गळतात, कोणाच्या कानी पडायच्या आत निम्मा खेळ संपतो. आमच्या पार्किंगमध्ये मात्र वर स्लॅब, खाली टाइल्स, चारी बाजूंना खांब आणि पाण्याच्या टाकीची भिंत. एक कण सांडत नाही. जो काही निघतो तो डक्टमधून थेट सहाव्या मजल्यापर्यंत घरपोच.

आवाज दाबायला सायलेन्सरवर गोधडी टाकू नये. गोधडी आईची असते.

शटरवाला गाळा असेल तर शटर ओढून घ्यावं, म्हणजे आवाज आतल्या आत राहील, असं लिहिणार होतो. नको. हे खरोखर करू नका. बंद जागेत चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग ना वास. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणूस उठत नाही. उपरोध नाही हा. शटर उघडं ठेवा, आम्ही ऐकून घेऊ.

शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी. आमच्याकडे ती "काका, पाच मिनिटं फक्त" या शब्दांत दिली जाते, आणि प्रत्येक पाच मिनिटांनी नव्याने दिली जाते.

आता मुख्य मुद्दा. सायलेन्सर.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरमधला दाबलेला गरम गॅस एकदम बाहेर फुटतो. दर फायरिंगला एक ठोका. तुमची गाडी साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरांची, फोर-स्ट्रोक. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे ३,००० आरपीएमला, मिनिटाला तेवढ्या फेऱ्या धरून, सेकंदाला ५० ठोके. हा खर्जातला आवाज खिडकी लावून थांबत नाही. खिडकीने हॉर्न कमी होतो, कुकरची शिट्टी कमी होते. हा मात्र भिंतीतून येतो, पलंगाच्या पायातून चढतो आणि पोटात जाऊन बसतो. आमच्या स्वयंपाकघरात माठावर स्टीलची ताटली असते, तिच्यावर फुलपात्र उपडं. साडेतीन हजारांना ताटली थरथरते. चार हजारांना फुलपात्र सरकायला लागतं. त्याच्या पुढे शोकेसची काच. गाडीचा मीटर न बघता, अंधारात, उशीवरून मी तुमचा आरपीएम सांगू शकतो, शंभर-दोनशेचा फरक धरा. आमची ही म्हणते, "अहो, आज ताटली वाजली नाही, बरं नाही का त्याला?"

तर हा ठोका दाबायला कंपनीने एक वस्तू दिलेली असते. आत कप्पे, कप्प्यांतून भोकं पाडलेल्या नळ्या. एका कप्प्यातून उलटून आलेली लाट दुसरीवर आदळून तिला मारते, उरलेली कुठे ग्लासवूल, म्हणजे काचेचा कापूस, असेल तर त्यात जिरते. कागदावर चार ओळींचं काम आहे, प्रत्यक्षात कोणीतरी टेस्ट बेडसमोर, म्हणजे इंजिन बांधून तपासायच्या चौथऱ्यासमोर, महिनोन्महिने उभं राहून ते जमवलेलं असतं. कप्पा बोटभर लांब केला की एक सूर जातो आणि दुसरीकडून नवा निघतो. मग गाडी माइकसमोरून साडेसात मीटरवरून पळवायची, १७५ सीसीच्या वरच्या गाडीला ८० डेसिबलची मर्यादा, त्यात बसली तर पास. हे सगळं झाल्यावर ती गाडी तुमच्या हातात येते. किंमत त्यातच धरलेली. वेगळे पैसे नाहीत.

आणि तुम्ही काय केलंत? पहिल्या सर्व्हिसिंगच्या आत ते काढून ठेवलंत, आणि अठरा हजार मोजून एक रिकामी नळी आणलीत. तिचं नाव फ्री-फ्लो. अठरा हजारांत फ्री एवढंच. त्या नळीबरोबरसुद्धा बिचाऱ्या बनवणाऱ्याने एक पुंगळी दिली होती, डीबी किलर म्हणतात तिला, नळीच्या तोंडात एका स्क्रूवर बसते. मी विचारलं, ती कुठे आहे? चिरंजीवांनी खिशातून काढून दाखवली. खिशातून! नवी कोरी, काजळीचा डागसुद्धा नाही. "ही टाकली की मजा जाते काका." म्हणजे आवाज कमी करायचं साधन गाडीपासून दोन फुटांवर, जीन्सच्या खिशात, मोबाइलच्या शेजारी होतं. एक स्क्रू. एक ॲलन की. दीड मिनिटाचं काम. त्याऐवजी मी दोन मजले उतरून खाली आलो.

वर मला शिकवलं गेलं की मोकळी नळी लावली की पॉवर वाढते. अहो, इंजिनाला आत येणारी हवा आणि पेट्रोल यांचा हिशेब बदलल्याशिवाय नुसती मागची नळी मोकळी करून काय वाढणार? मिश्रण पातळ होतं, आणि ॲक्सिलरेटर सोडला की मागून फाट-फाट-फाट. ज्याला तुमचे मित्र "क्या बात" म्हणाले ती ताकद नव्हती. सिलिंडरात जळायचं राहिलेलं पेट्रोल नळीत येऊन पेटत होतं. शंभरीपारचं पेट्रोल. फटाकेच उडवायचे तर दिवाळीला उडवा, निदान वर्षातून एकदा तरी संपतात.

आणि ही चाचणी तरी कसली? न्यूट्रलला पीळ देऊन इंजिनाची ताकद कळते होय? रिकामा रहाट फिरवून विहिरीचं पाणी मोजण्यातला प्रकार. इंजिनाला लोड लागतो. आमच्याकडे इंजिन डायनोला, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्राला, जोडायचं, तेल तापेपर्यंत गप्प उभं राहायचं, मग पाण्याचा ब्रेक थोडा थोडा चढवत न्यायचा आणि प्रत्येक पायरीला टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, लिहून घ्यायचा. एक्झॉस्ट भिंतीबाहेर नेलेला, आपण जाड काचेच्या पलीकडे, कानांवर मफ. इतकं करूनही माझ्या उजव्या कानाचा ४,००० हर्ट्झचा कोपरा गेलाच. चिमणी आता मला दिसते, ऐकू येत नाही. थंड इंजिन उठल्या उठल्या सहा हजारांना नेणाऱ्याला आमच्या फोरमनने टेस्ट बेडवरून हाकलून दिलं असतं. आणि नंतर काय काय म्हणाला असता ते इथे लिहिता येणार नाही.

आमच्या सोसायटीमागच्या टेकडीवर एआरएआय आहे, १९६६ पासूनची संस्था. देशभरातल्या गाड्या आणि इंजिनं तिथे तपासायला येतात, तुम्हा चौघांच्या गाड्यांची मिळून आहे त्याहून जास्त अश्वशक्तीची. सकाळी टेकडीवर फिरायला जातो तेव्हा तिथून काय ऐकू येतं सांगू? मोर.

लग्नाच्या मांडवामागचा डिझेल जनरेटर पाहा. त्यालासुद्धा कॅनोपी, म्हणजे आवाज अडवणारी पेटी, घातलेली असते, एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा असते. त्याच्यावर अख्खी वरात उजळते. तुमच्यावर एक बल्ब लागत नाही.

आवाज मोजून पाहावा, ही आणखी एक सूचना. मी मोजला. आमच्या गॅलरीत, दुसऱ्या मजल्यावर, मोबाइलच्या ॲपवर ८४ आला. ॲप काही प्रमाण नव्हे, पाच इकडे-तिकडे धरा. ४५ आणि ८४ यांत दुपटीचाही फरक दिसत नाही, म्हणून चिरंजीव म्हणाले, "एवढंच ना?" एवढंच नाही रे. डेसिबलची शिडी वेगळी असते, दर दहाला ऊर्जा दहापट. ३९ डेसिबल म्हणजे जवळजवळ ८,००० पट. दोन मित्रांनी आठ हजार हे आपलं कौतुक समजून टाळी दिली.

तक्रारीचं म्हणाल तर ग्रुपवर टाकली. सहा अंगठे, दोन नमस्कार, एक "एजीएमला घेऊ". ११२ लाही फोन केला. पोलीस आले तेव्हा काय झालं हे तुम्हाला ठाऊक आहेच. पीयूसीवाला धूर मोजतो, आवाज त्याच्या खात्यात नाही. मोटार वाहन कायद्यात १९०(२) म्हणून कलम आहे, १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, तीन महिने आतही बसवता येतं. अधूनमधून रोडरोलरखाली सायलेन्सर चिरडल्याचा फोटो पेपरात येतो. तो तुम्ही स्टेटसला ठेवता, खाली रडका इमोजी.

एक घराणं आठवतं. हायरम मॅक्सिमने मशिनगन काढली आणि त्या धडधडीत स्वतःचे कान घालवून बसला. त्याच्या मुलाने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, पुढे त्याच्या कंपनीने इंजिनांचेही सायलेन्सर केले. बापाने काढलेला आवाज पोराने बंद केला. आमच्याकडे गंगा उलटी. चिरंजीवांचे वडील इतके शांत, की लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून नुसते हसतात आणि मजला येईपर्यंत बूट बघतात. गाडी त्यांनीच घेऊन दिली आहे. नळीचे अठरा हजारही त्यांचेच असणार. साहेब, तुमच्या बेडरूमची खिडकी मागच्या बाजूला आहे म्हणून बोलतो: एकदा आमच्याकडे झोपायला या.

आता सूचना वगैरे पुरे.

अरे, पहिल्या मजल्यावर सिस्टर राहतात, तुला माहीत आहेत. सकाळी सहाची ड्यूटी. पाचला घर सोडतात, आयसीयूला असतात. शनिवारी त्या गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. तू वर बघितलंस, मी पाहिलं तू बघितलेलं, आणि तू पुन्हा ॲक्सिलरेटर पिळलास. दोनदा. दुसऱ्यांदा मित्रांना हसू आलं. त्या आत गेल्या आणि दिवा लावला, तो पाचपर्यंत चालू होता. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी सलाइनचा थेंब त्या मोजत असतील, तुझ्या पिळण्याने तारवटलेले डोळे घेऊन. आणि तू मला म्हणतोस, "बेस कसला आलाय ऐका."

ताकद आवडते ना? आवडू दे. मलाही आवडते, त्याशिवाय का २६ वर्षं काढली? पण ताकद रस्त्यावर असते, घाटात, चढावर, मागे माणूस बसवून. पार्किंगमध्ये उभ्या गाडीचं नरडं दाबून ऐकवण्यात ताकद नसते, निर्लज्जपणा असतो. तू वाईट मुलगा नाहीस. आमचं गॅसचं सिलिंडर तूच वर आणून दिलं होतंस. म्हणून चिडचिड जास्त होते. वाईट असतास तर पोलिसांवर सोडून झोपलो असतो.

कंपनीचा सायलेन्सर मीटररूममध्ये आहे, पंपाच्या मागे, खोक्यात. मी बघून आलो. उंदराने पुठ्ठा कुरतडलाय, आतला पाइप ठीक आहे. गॅस्केट नवी लागेल, फार पैसे पडत नाहीत. पान्यांचा डबा माझ्याकडे आहे, ॲलन की आहेत, सायलेन्सर पकडायला दुसरा माणूस लागतो, तोही आहे. रविवारी बेल वाजव. दहाच्या आत.