पांढरीशुभ्र चादर म्हणजे ढेकूण नाहीत, असं समजू नका

प्रवासाचे दिवस जवळ आले की एक मजकूर हटकून पुढे पाठवला जातो. हॉटेलच्या खोलीत ढेकूण आहेत का, हे अर्ध्या मिनिटात कसं ओळखायचं ते त्यात सांगितलेलं असतं. दिवे बंद करा, चादर झटकन ओढा, मोबाइलचा टॉर्च मारा. काही पळताना दिसलं नाही तर निश्चिंत झोपा. शिवाय महागड्या हॉटेलात ढेकूण नसतातच, बॅग बाथरूममध्ये ठेवावी, उशाशी लव्हेंडरचं तेल किंवा डांबरगोळ्या ठेवाव्यात, चावले तर सकाळी एका ओळीत तीन पुरळ दिसतात, आणि घरी आल्यावर बॅग दिवसभर उन्हात टाकली की काम झालं, असंही त्यात असतं. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण यातला एक सल्ला सोडला तर बाकीचे माणसाला खोटा दिलासा देतात. अंडी घालणारी एक मादी जरी सामानातून घरी आली, तरी पुढचे कित्येक महिने तिचा वंश निस्तरण्यात जाऊ शकतात. त्यामुळे हा मजकूर तसाच पुढे जाऊ देणं मला पटत नाही.

सगळ्यात मोठी गफलत पहिल्याच मुद्द्यात आहे. ढेकूण पळताना पकडायचा, ही कल्पनाच चुकीची आहे. तो बाहेर येतो झोपलेल्या माणसाच्या मागावर: श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि गंध त्याला ओढून आणतात, तेही बहुधा मध्यरात्रीनंतर. पाच-दहा मिनिटांत पोटभर रक्त पिऊन तो पुन्हा फटीत शिरतो. दुपारी तुम्ही खोलीत पाऊल टाकता तेव्हा पलंग रिकामा असतो, त्यामुळे चादरीवर बसून राहण्याचं त्याला काहीच कारण नसतं. शिवाय चादर नुकतीच बदललेली असते. तिच्यावर डाग नाही याचा अर्थ ती धुतलेली आहे, एवढाच.

शोधायच्या असतात त्या त्याने मागे ठेवलेल्या खुणा, आणि त्या चादरीखाली असतात. विष्ठेचे काळे ठिपके ही सगळ्यात भरवशाची खूण. कापडावर स्केचपेनचं टोक टेकवलं की शाई जशी पसरते, तसे ते दिसतात आणि ओल्या कापडाने पुसले तर फराटा उमटतो. ढेकणाची पिल्लं मोठी होईपर्यंत पाच वेळा कात टाकतात, त्यामुळे पिवळसर, पोकळ कातीही सापडतात. अंडी पांढरट, जेमतेम १ मिलिमीटरची आणि फटीत चिकटवलेली असतात. ढेकूण डोळ्यांना दिसतच नाही असं काहीजण म्हणतात, तेही खरं नाही. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण ५ मिलिमीटरचा, चपटा, तपकिरी असतो आणि रक्त प्यायल्यावर लांबट व लालसर दिसतो. त्याला उडता येत नाही, उड्याही मारता येत नाहीत. चकवतात ती अगदी लहान पिल्लं, कारण रक्त पिण्याआधी त्यांना जवळपास रंगच नसतो. अडचण नजरेपेक्षा ओळखीची आहे: अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, इतर किड्यांच्या चित्रांमधून ढेकूण अचूक ओळखणारे प्रवासी साधारण एक तृतीयांशच निघाले. म्हणून निघण्याआधी ढेकणाचे, त्याच्या ठिपक्यांचे आणि कातीचे फोटो एकदा नीट बघून ठेवा. अर्ध्या मिनिटाच्या युक्तीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

खोलीत गेल्यावर दिवे बंद करू नका, उलट सगळे लावा. टॉर्च गादीला तिरपा धरा, म्हणजे शिवणीतले उंचवटे उठून दिसतात. सुरुवात उशांच्या बाजूने करा. कोपऱ्यातून चादर आणि तिच्याखालचं आवरण उचलून गादीच्या कडेची शिवण, दोरीसारखी पट्टी, लेबलच्या मागची बाजू पाहा. दोन्ही कोपरे झाले की डोक्याकडची फळी. गादीइतकंच किंवा कधी त्याहून जास्त महत्त्व मी या फळीला देईन. गादीवरची चादर रोज कुणीतरी उचलतं, भिंतीला ठोकलेल्या फळीमागे मात्र कुणाचा हात सहसा जात नाही, आणि तिथून झोपलेल्या माणसाचं डोकं वीतभर अंतरावर असतं. फळी ओढून काढायचा प्रयत्न करू नका, ती अंगावर येऊ शकते. कडेच्या फटीत उजेड टाकून डोकावलं तरी ठिपके दिसतात. मग पलंगालगतच्या कपाटाचे खण, स्क्रूची भोकं, सोफ्याच्या शिवणी. सगळं मिळून दहाएक मिनिटांचं काम.

एवढं करून काही सापडलं नाही, तरी खोली शंभर टक्के मोकळी असं कुणी सांगू शकत नाही. मोजकेच ढेकूण फळीमागे असतील तर अनुभवी माणसालाही ते चुकतात. खोली बरेच दिवस बंद होती, म्हणून ते उपाशी मेले असतील, हा तर्कही चालत नाही. रक्ताशिवाय ते काही महिने तग धरतात.

महागड्या हॉटेलाबद्दल थोडक्यात: ढेकूण घाणीवर जगत नाही, माणसाच्या रक्तावर जगतो, आणि तो खोलीत येतो पाहुण्यांच्या सामानातून. पाहुणे जास्त, तितकी ये-जा जास्त. स्वच्छ, नीटनेटक्या खोलीत तो लवकर नजरेस पडतो, एवढाच काय तो फरक.

बाथरूमचा सल्ला मात्र योग्य आहे, जरी दिलं जाणारं कारण अर्धवट असलं तरी. गुळगुळीत पृष्ठभागावर ढेकणांना चढता येत नाही असं सांगतात. थंड प्रदेशांत आढळणाऱ्या सायमेक्स लेक्ट्युलॅरियस या जातीच्या ढेकणाबद्दल ते बऱ्याच अंशी खरं आहे. उष्ण प्रदेशांतला सायमेक्स हेमिप्टेरस या दुसऱ्या जातीचा ढेकूण मात्र गुळगुळीत पृष्ठभागावरही चांगला चढतो. बाथरूम बरं, कारण ते पलंगापासून लांब असतं आणि तिथे लपायला फटी कमी. तपासणी होईपर्यंत बॅग तिथेच राहू द्या. नंतरही ती पलंगावर किंवा सोफ्यावर ठेवू नका आणि चेन बंद ठेवा.

वापरलेल्या कपड्यांबद्दल या मजकुरात अवाक्षर नाही, आणि ही उणीव मला सगळ्यात जास्त खटकते. ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंगात घातलेल्या कपड्यांच्या आणि धुतलेल्या कपड्यांच्या पिशव्या खोलीत ठेवून ढेकूण सोडले. घातलेल्या कपड्यांच्या पिशव्यांवर ते जमण्याची शक्यता दुप्पट निघाली. माणूस खोलीत नसतानाही त्याचा गंध कपड्यांत राहतो आणि ढेकूण त्याकडे वळतात. रात्री खुर्चीवर टाकलेला शर्ट सकाळी तसाच बॅगेत कोंबणं हा ढेकूण घरी आणण्याचा सोपा मार्ग आहे. उतरवलेले कपडे लगेच घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला.

लव्हेंडर आणि डांबरगोळ्यांवर विसंबू नका. उघड्या खोलीत त्यांच्या वासाने ढेकूण मरत नाहीत, पळूनही जात नाहीत. कीटकनाशकाचा फवारा गादीवर मारणं तर त्याहून वाईट: नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांना जगभरातले ढेकूण मोठ्या प्रमाणात सरावले आहेत, आणि त्या गादीवर नाक टेकवून तुम्हालाच झोपायचं असतं.

एका ओळीतल्या तीन पुरळांवरून निदान करू नका. कुणाला गांधी उठतात, कुणाला काहीच होत नाही, आणि खूण उमटायला काही वेळा १४ दिवसही लागतात. तोवर तुमचे दोन मुक्काम बदललेले असतील. डास, पिसवा, साधी अ‍ॅलर्जी यांचे पुरळही तसेच दिसतात. ढेकणांमुळे माणसाला रोग जडतो असा पुरावा नाही, हा खरा दिलासा. त्रास होतो तो खाजेचा आणि उडालेल्या झोपेचा.

खूण सापडलीच, तर फोटो काढा, हॉटेलला सांगा आणि दुसरी खोली मागा. पण ती शेजारची, वरची किंवा खालची नको, कारण वायरी आणि पाइप जातात त्या फटींतून ढेकूण भिंत ओलांडतात. नवी खोलीही तशीच तपासा.

राहिला उन्हाचा मुद्दा. उष्णतेने ढेकूण मरतात हे खरं, पण ती आतपर्यंत पोहोचावी लागते आणि टिकावी लागते. प्रयोगशाळेत ४८ अंश सेल्सिअसला अंडी मरायला ७० मिनिटांहून जास्त वेळ लागला. उन्हातल्या बॅगेचं वरचं कापड तापतं, अस्तराच्या घड्या थंड राहतात आणि ढेकूण तिकडे सरकतात. कपडे ड्रायरमध्ये सर्वाधिक उष्णतेवर किमान अर्धा तास फिरवा, किंवा ६० अंशांच्या पाण्यात धुवा. धुता न येणाऱ्या छोट्या वस्तू उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ४ दिवस ठेवल्या तरी चालतं. रिकामी बॅग झोपायच्या खोलीत नेऊ नका. तिच्या शिवणी, खिसे आणि चाकांजवळच्या खोबणी व्हॅक्यूम क्लीनरने साफ करा, निघालेला कचरा पिशवीत बांधून लगेच घराबाहेर टाका आणि बॅगही पिशवीत बंद करून ठेवा.