आमचा अजगर आम्हाला परत द्या

आज २९ सप्टेंबर, संत मायकलचा, म्हणजे सैतानाला हरवणाऱ्या देवदूताचा सण. सकाळी देवळात मिस्सा (आमची सामूहिक उपासना) संपली आणि माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गातला दुसरीतला एक पोरगा माझं बोट धरून मला नव्या पुतळ्यापुढे घेऊन गेला. म्हणाला, "टीचर, ह्या काकांनी काय केलं?"

मला आधी कळलंच नाही तो कुणाबद्दल विचारतोय. मग पाहिलं. संत मायकलच्या पायाखाली एक माणूस पडलेला. काळा कुळकुळीत, कुरळ्या केसांचा, तोंड वेदनेने उघडलेलं, एक हात वर केलेला, मारू नका म्हणावं तसा. शिंगं आहेत, पण केसांत लपलेली. पंख अंगाखाली दबलेत. सात वर्षांच्या पोराच्या उंचीवरून पाहिलं तर तिथे एक काळा माणूस आहे आणि त्याच्या छातीवर पाय देऊन एक गोरा, सोनेरी केसांचा माणूस भाला रोखून उभा आहे. पोर त्याला काका म्हणालं. दुसरं काय म्हणणार? त्याचे स्वतःचे काका तस्सेच दिसतात. माझेही.

मी त्याला काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवतही नाही, इतकी मी गडबडले. घरी आले, सणाचं जेवण समोर होतं, घास उतरेना. म्हणून आता लिहितेय. लांबण लागेल, वाचा.

आमच्या देवळातला जुना पुतळा लाकडाचा होता. वसईतल्या जुन्या माणसांना आठवत असेल, त्याच्या पायाखाली माणूस नव्हता, अजगर होता. हिरवा, खवल्यांचा, शेपटीला दोन वेटोळी. पुतळ्याला वाळवी लागली होती हे मान्य. खालचा भाग हाताला भुगा लागावा इतका पोखरला होता हेही मान्य. नवीन करणं भागच होतं, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांनी भक्तीने दिले, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण अजगराचा माणूस कुणी केला? कुणाला विचारून केला? मी तिथेच विचारलं तर उत्तर मिळालं, "असाच मिळतो आता, आणि हा जास्त खरा वाटतो." जास्त खरा!

माझी आजी असती तर तिने त्यांना त्याच जागी उभं करून विचारलं असतं.

सणाच्या आदल्या दिवशी वाडीतल्या बाया मिळून देऊळ धुवायच्या. कुणी आल्तारावरचं (वेदीवरचं) पितळ चिंचेने घासायचं, कुणी फरशी, कुणी माळा. अजगर मात्र कुणी अंगावर घ्यायचं नाही. तो आजीचा. लाल लुगड्याचा पदर खोचून ती त्याच्यापुढे उकिडवी बसायची. एका हातात काथ्या, दुसऱ्या हातात खोबरेलाची वाटी. एकेका खवल्यातली धूळ काढायची, मग बोटाने तेल लावायची. त्याच्या तोंडात चार दात होते, त्यातला खालचा उजवा तुटका. जिभेचा लाल रंग उडून आतलं लाकूड दिसायचं. मी पाच-सहा वर्षांची असेन, खांबाआड उभी. तिने मला हाक मारली, "ये इकडे. घाल बोट त्याच्या तोंडात." (बोलायची ती सामवेदीत, आमच्या वसईकडच्या बोलीत, मी आपली मराठीत सांगतेय.) मी रडकुंडीला आले. ती म्हणाली, "चावत नाही तो. वर बघ, पाय कुणाचा आहे."

मी बोट घातलं. आत थंड होतं, तेलाने बुळबुळीत. मी वर पाहिलं आणि पाय दिसला. बस्स. आख्खं धर्मशिक्षण मला त्या दिवशी मिळालं. आज मी जे काही पोरांना शिकवते ते त्या एका बोटापुढे काहीच नाही.

आता मुद्द्याचं. अजगर ही काही आमच्या आजीची कल्पना नाही. आपल्या मराठी बायबलात प्रकटीकरण ह्या शेवटच्या पुस्तकाचा बारावा अध्याय उघडा. सूर्य पांघरलेली स्त्री, पायाखाली चंद्र, डोक्यावर बारा ताऱ्यांचा मुकुट, ती बाळंत होतेय, आणि तिच्या पुढ्यात बाळाला गिळायला टपलेला सात डोक्यांचा, दहा शिंगांचा लाल अजगर. मग मायकल आणि त्याचे दूत त्याच्याशी लढतात आणि त्याला खाली लोटतात. अजगरच लिहिलंय तिथे. ग्रीकमध्ये 'द्राकोन', म्हणजे ड्रॅगन, आपल्या भाषांतरकारांनी त्याचा अजगर केला, आणि माझ्या मते फार चांगलं केलं, कारण वाडीत राहणाऱ्या बाईला सरपटणारं म्हणजे काय ते वेगळं समजावून द्यावं लागत नाही. नवव्या ओवीत तोच सैतान असं स्पष्ट म्हटलंय, ते मला ठाऊक आहे, कुणी कमेंटमध्ये सांगायला येऊ नका. सैतान आहेच तो. पण हे पुस्तक लिहिणाऱ्या योहानाला दृष्टान्तात माणूस दिसला नाही, अजगर दिसला. त्याला माणूस दाखवायचा असता तर त्याच्या काळात छळ करणारे रोमन सम्राट कमी नव्हते, कुणाचंही तोंड लावता आलं असतं.

आणि आपल्या परंपरेत अजगराशी काय फक्त भाल्यानेच बोलतात? संत मार्था आठवा. शुभवर्तमानातली, येशू घरी आला तेव्हा कामाच्या धबडग्यात अडकलेली, 'एकटीने किती करू' म्हणून त्याच्याकडेच तक्रार करणारी मार्था. फ्रान्सच्या दक्षिणेला ऱ्होन नदीकाठी तारास्कों नावाचं गाव आहे. तिथली दंतकथा अशी की नदीत तारास्क नावाचा राक्षसी प्राणी होता, येणाऱ्याजाणाऱ्याला खायचा. मार्था गेली, क्रूस दाखवला, पवित्र पाणी शिंपडलं, आणि स्वतःचा कमरपट्टा सोडून त्याच्या गळ्यात बांधला. तो मुकाट तिच्यामागून चालत गावात आला. गावकऱ्यांनी मग त्याला भाल्यांनी आणि दगडांनी मारला. मार्थाने नाही मारला, गावाने मारला. ही गोष्ट वाचली तेव्हा मला थेट काथ्या घेऊन बसलेली आजीच दिसली. त्या गावाचं नावच त्या प्राण्यावरून पडलं असं तिथले लोक सांगतात आणि अजून उत्सवात त्याची मिरवणूक काढतात. फ्रान्स-बेल्जियममधल्या असल्या मिरवणुका युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहेत. तिकडे लोक आपला अजगर खांद्यावर घेऊन नाचतात, आणि इथे आम्ही आमचा काढून टाकला.

संत जॉर्जच्या प्रसिद्ध गोष्टीतही तेच. लिबियातल्या सिलेने नगराबाहेर तळ्यात अजगर, त्याला रोज दोन मेंढरं द्यायची, मेंढरं संपली तेव्हा चिठ्ठ्या टाकून माणसं, शेवटी चिठ्ठी राजकन्येची निघाली. जॉर्जने अजगराला जखमी केलं आणि मग राजकन्येला सांगितलं, तुझा कमरपट्टा त्याच्या गळ्यात टाक. तिने टाकला. पाळलेल्या कुत्र्यासारखा तो तिच्यामागे आला. तेराव्या शतकात ह्या कथा लिहून ठेवणाऱ्या याकोबुस दे वोराजिनेनेच अंतियोखच्या संत मार्गारेटची गोष्ट सांगितलीय: तुरुंगात अजगराने तिला गिळलं, तिने क्रुसाची खूण केली आणि ती त्याचं पोट फोडून धडधाकट बाहेर आली. गिळण्याची गोष्ट काही खरी वाटत नाही, असं तो स्वतःच म्हणतो. नसेल वाटत त्याला. बाळंतिणींना वाटली. शेकडो वर्षं युरोपातल्या बाया कळा देताना मार्गारेटचं नाव घेत होत्या. ज्या बाईने अंधारातून बाहेर येणं म्हणजे काय ते सोसलंय, तिला ही गोष्ट पटवून द्यायला नको. १९६९ साली रोमने सार्वत्रिक दिनदर्शिकेतून मार्गारेटचा सण काढला. इतिहासाच्या हिशेबाने बरोबर असेल. मला वाईट वाटतं ते वाटतंच.

आणि स्तोत्र १४८! लॅटिन बायबलात तिथे सूर्य, चंद्र, गारा, बर्फ, डोंगर, फळझाडं, सगळ्यांना देवाची स्तुती करा म्हणून सांगताना पृथ्वीवरून पहिली हाक जाते ती 'द्राकोनेस'ना आणि खोल समुद्राला. अजगरांनो, देवाची स्तुती करा! जो पायाखाली आहे त्यालाही गायला बोलावलंय. आजीला लॅटिन येत नव्हतं, तिला सहीसुद्धा येत नव्हती. पण ती त्याला तेल लावत होती.

आता मला ज्याचा राग आहे तिकडे येते.

मायकलच्या पायाखाली माणूस घालण्याची रीत नवी नाही, जुनीच आहे, हे कबूल करते. सगळ्यात गाजलेलं चित्र ग्विदो रेनीचं, १६३५च्या आसपासचं, रोमच्या कापुचिन देवळातलं. निळ्या चिलखतातला देखणा मायकल, खाली टकला, दाढीवाला सैतान. आपल्या घराघरांतल्या कॅलेंडरवर जे चित्र असतं ते त्याच्यावरूनच आलेलं. आणि त्या सैतानाच्या तोंडाबद्दल तेव्हापासून लोक बोलतात की ते पाम्फिली नावाच्या कार्डिनलसारखं काढलंय. हाच कार्डिनल पुढे दहावा इनोसंट म्हणून पोप झाला. खरं-खोटं तो चित्रकार जाणे. पण बोललं गेलं, कारण बोलता आलं! अजगराचं तोंड कुणासारखं दिसतं अशी चर्चा होईल का? माणसाचं तोंड काढलं की लोक लगेच शोधायला लागतात, हा कोण, आपल्यातला का त्यांच्यातला.

२०२० मध्ये जमैकाचे गव्हर्नर जनरल पॅट्रिक ॲलन यांनी त्यांना मिळालेलं ब्रिटिश मानचिन्ह वापरणं थांबवलं. ते संत मायकल आणि संत जॉर्ज यांच्या नावाचा सन्मान आहे, १८१८ पासूनचा. त्या चिन्हावर काय होतं? गोरा मायकल आणि त्याच्या पायाखाली सैतान म्हणून काळा माणूस. गुलामांच्या वंशजांच्या देशातल्या माणसाने ते गळ्यात घालायचं. त्याच वर्षी अमेरिकेत एका काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसाने गुडघा ठेवला तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला होता, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी त्यावर पोस्ट लिहिल्या होत्या, मीही लिहिली होती. आणि आज तेच चित्र आपण आपल्या देवळात आणून त्याला हार घातला. आपण! आपण कोणत्या रंगाचे आहोत?

स्पेनमध्ये संत याकोबाचं काय झालं बघा. कोळी माणूस, येशूचा प्रेषित, त्याला घोड्यावर बसवलं, हातात तलवार दिली आणि घोड्याच्या टापांखाली मुसलमान घातले. नावच पडलं 'मातामोरोस', मूरांना मारणारा. मग स्पॅनिश लोक पेरूत गेले आणि टापांखाली तिथले आदिवासी आले, तो झाला 'मातइंदिओस'. संत तोच, फक्त खालचा माणूस बदलला. सान्तियागोच्या कॅथेड्रलमधल्या असल्या एका पुतळ्याचा खालचा भाग फुलांनी झाकून ठेवतात. लाज वाटते म्हणून झाकतात ना? मग आम्ही का उघडा ठेवलाय?

अजगरही धुतल्या तांदळासारखा नाही, तेही सांगून टाकते. १५२२ मध्ये पोपविरुद्ध उठलेल्या मार्टिन लूथरच्या जर्मन नव्या कराराच्या चित्रांत प्रकटीकरणातल्या श्वापदाच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट चढवला होता. आणि १५२९ मध्ये आपल्या लोकांनी, म्हणजे कॅथलिकांनी, लूथरलाच सात डोक्यांचा करून छापला. म्हणजे ज्याला चिकटवायचं तो अजगरही चिकटवतोच. पण निदान त्याला मुकुट चढवावा लागतो, डोकी मोजून लावावी लागतात. काळ्या माणसाला काही लावावं लागत नाही. तो तसाच उचलला जातो.

फार चिडून लिहिलं का मी? असेल. थोडं पाणी प्यायले आत्ता.

ज्यांनी पुतळा निवडला ते वाईट नाहीत. त्यातले दोघे माझ्याबरोबर शाळेत होते. त्यांना कॅटलॉग दाखवला, त्यांनी बोट ठेवलं. पण त्यांनाही आजीचा अजगर आठवत असणार. त्यांच्या आज्याही तिथेच फरशी पुसत होत्या. एखाद्याने तरी त्या तोंडात बोट घातलं असेलच.

मी मिस्सेनंतर मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. जुना पुतळा गोणपाटावर आडवा ठेवलाय. मायकलचा एक हात नाही. अजगराचं धड वाळवीने संपवलंय, शेपटी तर नाहीच. पण डोकं शाबूत आहे. मी खाली बसले आणि दात मोजले. तीन आणि एक तुटका. रंग पार गेलाय. मी बोट घातलं आत. आता तेलाचा स्पर्श नाही, नुसता कोरडा भुगा.

त्या पोराला उद्या मी तिथे घेऊन जाणार आहे. काका कोण ते मला सांगता येणार नाही, पण हे डोकं दाखवता येईल. आणि मी समितीला लेखी अर्ज करणार आहे की नव्या पुतळ्याचा खालचा भाग बदलून तिथे अजगर करा. खर्चाचं काय म्हणाल तर माझ्याकडून सुरुवात धरा. कारागिराशी बोलणं झालंय, तो करतो म्हणाला, पण त्याला जुना फोटो हवा. सगळा अजगर दिसेल असा, रंग आणि शेपटी कळेल असा.

तर तुमच्या घरी जुने अल्बम काढा. लग्नाचे, पहिल्या कम्युनियनचे, सणाचे. १९९० च्या आधीचे असतील तर उत्तम. नवरा-नवरीच्या मागे डाव्या बाजूला, मेणबत्त्यांच्या स्टँडजवळ, खाली बघा. हिरवं काही दिसलं तर मोबाईलवर फोटो काढून मला पाठवा. आणि त्याच्यापुढे लाल लुगड्यातली कुणी म्हातारी उकिडवी बसलेली दिसली, तर तो फोटो मला आधी पाठवा.