सेलरीचा सुगावा

मला पहिल्या दहा पानांत एक तरी प्रेत लागतं. पुण्यात त्यावाचून कधी अडलं नव्हतं. पण लेकीकडे, फिलाडेल्फियाजवळ, ऐन हिवाळ्यात अडकलो आणि हिनं लायब्ररीतून आणलेला गठ्ठा सगळा एकाच गोत्राचा निघाला. मुखपृष्ठावर पांढऱ्या टोपीतली, मान खाली घातलेली मुलगी. मागं मक्याचं शेत, कोपऱ्यात घोडागाडी. आमिश, म्हणजे आधुनिक सोयी टाळून जुन्या रीतीनं जगणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबकथा!

"ज्यांच्या घरात वीज नाही, टीव्ही नाही, त्यांच्या घरात घडणार काय?"

"अहो, वाचा तरी. नाहीतर दिवसभर त्या थर्मोस्टॅटशी खेळत बसता."

वाचलं. दहाव्या पानापर्यंत फक्त पाव फुगला होता. विसाव्यावर गोधडी शिवायला बायका जमल्या. १९९७ साली बेव्हर्ली लुईस यांच्या 'द शनिंग'नं या कथांची लाट आणली म्हणतात. लिहिणारे बहुतेक स्वतः आमिश नसतात. असते तर कोंबड्यांना दाणे टाकायचे सोडून लिहीत कशाला बसले असते!

मग शेजारच्या शेतावर एक परका माणूस आला. दाढीवाला. आणि मी उठून बसलो. कारण आमिश पुरुष लग्नानंतर दाढी राखतो, मिशी मात्र नाही. म्हणजे ती दाढी हेच त्याचं मंगळसूत्र. मग हा एकटाच कसा? बायको कुठाय? विधुर झाला तरी दाढी राहते, हे तीस पानांनंतर कळलं. तोवर मी त्याच्यावर तीन गुन्हे लावून मोकळा झालो होतो.

पुढं थोरल्या मुलाचं प्रकरण निघालं. यांच्यात बाप्तिस्मा मोठेपणी, समजून उमजून घेतात. तो घेऊन मग पंथ सोडला की बहिष्कार. मुलगा घरी येतो, आई वाढते, पण त्याचं ताट वेगळ्या टेबलावर. शेजारीच, वीतभर अंतरावर. हीटरमुळे घरातली हवा फार कोरडी होते आणि डोळ्यांतून पाणी येतं, असं मी हिला सांगितलं. तिनं न बोलता रुमाल दिला.

खरा कळस सेलरीचा. आमिशांच्या लँकेस्टर भागातली लग्नं सुगी आटोपल्यावर, बहुधा मंगळवारी नाहीतर गुरुवारी. पंगतीला सेलरीची भाजी, वर टेबलावर शोभेलाही बरण्यांत सेलरीच. पण ठरलेलं लग्न चर्चमध्ये जाहीर होईपर्यंत गुप्त ठेवायची जुनी रीत. त्यामुळे शेजारणी एकमेकींच्या परसात डोकावून वाफे मोजतात! असला पुरावा तर आमच्या गुप्तहेरांनाही कधी मिळाला नाही.

रात्री दीडला नायिकेच्या बापानं परसात सेलरीची रोपं लावायला घेतली. एक वाफा. दोन. चौथ्या वाफ्याला मला राहवेना. "अगं ऊठ, जमलं! चार वाफे लावले!"

ही कूस बदलत म्हणाली, "धाकटीचं आहे ते. झोपा आता."

पुढचं सांगून टाकणाऱ्या माणसाशी बोलणं टाकायची सोय आमच्या पंथात का नाही, कुणास ठाऊक.