भट्टी बंद केली, तरी पंप बंद करता येत नाही

सातारा-सांगलीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. कोयना परिसरात जमीन जरा हलली की तो हमखास पुन्हा वर येतो. मजकूर थोडक्यात असा: अणुभट्टी म्हणजे गॅसची शेगडी, बटण बंद केलं की विषय संपला. दुरुस्तीसाठी भट्टी बंद असते तो तर सगळ्यात निर्धास्त काळ, तेव्हा पंप खोला, जनरेटर खोला, काही बिघडत नाही. भूकंपात भट्टी आपोआप बंद पडते, मग भीती कसली? जपानच्या फुकुशिमात भट्ट्या चालू होत्या म्हणून घोळ झाला. आपल्याकडे असलं काही झालेलंच नाही. आणि शेवटी, जैतापूरच्या अणुप्रकल्पाला विरोध करणारे अडाणी.

मी जैतापूरविरोधी नाही. अणुवीज हवी, असंच माझं मत आहे. म्हणून तर हा मेसेज जास्त खटकतो. आपल्या बाजूनं बोलतोय म्हणून चुकीचं विज्ञान खपवून घ्यायचं, हे काही बरोबर नाही.

"बटण बंद, उष्णता बंद."

शेगडीचा दाखला इथेच फसतो. नियंत्रक दांडे आत गेले की युरेनियमचं विखंडन, म्हणजे अणू फुटणं, थांबतं, हे खरं. पण तोवर झालेल्या विखंडनाचे तुकडे इंधनातच बसलेले असतात. ते किरणोत्सारी असतात आणि त्यांचा ऱ्हास कुठल्याही बटणाला जुमानत नाही. त्यातून उष्णता निघतच राहते.

१००० मेगावॅट विजेची भट्टी धरा. तिच्यात साधारण ३००० मेगावॅट उष्णता तयार होत असते. बंद केल्या क्षणी त्यातली सहा-सात टक्के शिल्लक, म्हणजे २०० मेगावॅटच्या आसपास. तासाभरानं दीड टक्का. दुसऱ्या दिवशी अर्धा टक्का. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो होतो १५ मेगावॅट. ही उष्णता बाहेर नेणारं कुणी नसेल, तर उकळत्या पाण्यातून तासाला सुमारे २४ हजार लिटरची वाफ होते. आठवड्यानंतरही यातली निम्मी-अर्धी उष्णता टिकून असते. पाणी आटून इंधन उघडं पडलं की त्यावरचं झिर्कोनियमचं आवरण तापतं, वाफेशी त्याची क्रिया होते आणि हायड्रोजन सुटतो. फुकुशिमात याच हायड्रोजनचे स्फोट झाले, ते सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिलेले आहेत.

"दुरुस्तीचा काळ सगळ्यात निर्धास्त."

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. दुरुस्तीत उष्णता कमी असते, पण बचावाची साधनंही कमी असतात. एक जनरेटर खोललेला असतो, एखादा ट्रान्सफॉर्मर बाजूला काढलेला असतो, इमारतीचे मोठे दरवाजे उघडे असतात, बाहेरची माणसं आत वावरत असतात. आणि काही कामांसाठी भट्टीतलं पाणीच मुद्दाम खाली उतरवावं लागतं.

हे शेवटचं नीट बघण्यासारखं आहे. दाबाखालच्या पाण्यावर चालणाऱ्या भट्टीत वाफ तयार करणाऱ्या उपकरणाच्या नळ्या तपासायच्या, तर मुख्य पाइप अर्धाच भरलेला ठेवतात. पाइपचा व्यास पाऊण मीटरच्या आतला. त्याच पाइपातून पाणी ओढून पंप ते थंड करून परत पाठवत असतो. पातळी आणखी थोडी उतरली की तोंडाशी भोवरा पडतो आणि पंप हवा धरतो. किर्लोस्करवाडीच्या पंचक्रोशीत हे समजावून सांगायला नको. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी फूट व्हॉल्व्हच्या तोंडाशी आलं की मोटार नुसतीच फिरते आणि बारीवर पाणी येत नाही, अगदी तसंच. फरक एवढाच की तिथे पीक वाळायला काही दिवस लागतात, इथे पाण्याला उकळी फुटायला तासभरही लागत नाही.

ही कल्पना नाही. कॅलिफोर्नियातल्या डायब्लो कॅन्यन अणुकेंद्रात एप्रिल १९८७ मध्ये नेमकं हेच झालं. भट्टी बंद होऊन आठवडा झाला होता. पाइप अर्धा भरलेला, पातळी वाटली त्यापेक्षा खाली, पंपांनी हवा धरली. सुमारे दीड तास थंड करणं बंद राहिलं आणि पाणी उकळू लागलं. शेवटी टाकीतलं पाणी सोडून पातळी वाढवली तेव्हा कुठे पंप पूर्ववत झाले. इंधनाला इजा झाली नाही. त्या काळी अनेक केंद्रांत अशा वेळी पातळी बघायला तात्पुरती लावलेली पारदर्शक नळी असायची. नळीला कुठे पीळ पडला, आत हवेचा बुडबुडा अडकला, की ती बिनदिक्कत खोटं दाखवणार. अब्जावधीच्या यंत्राचं भवितव्य नळीच्या एका तुकड्यावर!

दुसरा प्रसंग २० मार्च १९९० चा, अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातल्या व्होगल केंद्रातला. भट्टी बंद, पाणी अर्ध्या पाइपात, एक डिझेल जनरेटर दुरुस्तीला आणि एक राखीव ट्रान्सफॉर्मरही दुरुस्तीला. स्विचयार्डात, म्हणजे विजेच्या लाइनी जिथे जोडलेल्या असतात त्या आवारात, इंधन आणि वंगण घेऊन आलेला ट्रक मागे घेताना विजेच्या लाइनच्या आधाराला धडकला आणि बाहेरून येणारी वीज गेली. उरलेला जनरेटर सुरू झाला आणि लगेच बंद पडला. पुन्हा वीज मिळेपर्यंत ३६ मिनिटं गेली आणि तेवढ्यात पाणी ३२ अंशांवरून ५८ अंशांवर पोचलं. भूकंप नाही, त्सुनामी नाही. रिव्हर्स गिअरमधला एक ट्रक.

यातून जे नियम घट्ट झाले ते साधेच आहेत. पाणी उतरवण्याआधी पातळी मोजणारी दोन स्वतंत्र साधनं लावा. इंधनाजवळचं तापमान दोन ठिकाणी मोजा. पाणी भरायचे दोन मार्ग तयार ठेवा. इमारत किती वेळात बंद करता येईल ते आधीच ठरवा. पंप थांबला तर उकळी यायला किती मिनिटं, हा आकडा पाळीवरच्या माणसाला तोंडपाठ हवा. पाणी खाली असताना स्विचयार्डात कुणाची गाडी नको. आणि भट्टी बंद केल्याबरोबर पाणी उतरवायची घाई करू नका, जेवढे दिवस थांबाल तेवढी उष्णता कमी. वेळापत्रकवाल्यांना हा शेवटचा नियम फार बोचतो, कारण बंद भट्टीचा प्रत्येक दिवस तोट्याचा.

"भूकंपात आपोआप बंद पडते. फुकुशिमाच्या भट्ट्या चालू होत्या."

११ डिसेंबर १९६७ ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट आठवणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत, त्यामुळे हा मुद्दा इकडे पटकन पटतो. पण ११ मार्च २०११ ला फुकुशिमाच्या १, २ आणि ३ नंबरच्या भट्ट्या भूकंपाबरोबर आपोआप बंद झाल्याच होत्या. बंद होण्यात काही चूक झाली नाही. भूकंपानं बाहेरची वीज तोडली, पाऊण-एक तासानं आलेल्या त्सुनामीनं डिझेल जनरेटर बुडवले, आणि वितळलं ते बंद भट्टीतलं इंधन.

५ आणि ६ नंबरचं तर कुणी नावच घेत नाही. त्या आधीपासून देखभालीसाठी बंद होत्या, पण इंधन आत होतं. मेसेजच्या हिशेबानं त्यांना काहीच लागायला नको होतं. प्रत्यक्षात ६ नंबरचा हवेवर थंड होणारा एक डिझेल जनरेटर त्सुनामीतून वाचला, त्यावर दोन्ही भट्ट्यांचा भार टाकला, आणि २० मार्चला त्या पूर्ण थंड झाल्या. तो एक जनरेटर दुरुस्तीसाठी खोललेला असता तर?

"आपल्याकडे असं झालेलंच नाही."

झालंय. ३१ मार्च १९९३, उत्तर प्रदेशातलं नरोरा. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेलाला आग लागली, आगीत केबली जळाल्या आणि राखीव वीजही गेली. भट्टी लगेच बंद केली होती, तरी सुमारे १७ तास केंद्र अंधारात होतं. कर्मचाऱ्यांनी आग विझवायचे डिझेल पंप लावून त्यांचं पाणी वाफेच्या उपकरणांत सोडलं. भट्टीच्या आतलं पाणी पंपाविनाच, गरम-थंडच्या फरकावर फिरत राहिलं. इंधन शाबूत राहिलं. आपल्या जडपाण्याच्या भट्ट्यांना ही नैसर्गिक फिरत साधते, हे त्यांचं मोठं बळ आहे आणि ते मान्य करायलाच हवं. पण त्या रात्री माणसं निवांत बसली असती तर ते बळ पुरलं नसतं.

"विरोध करणारे अडाणी."

यावर फार लिहायचं नाही. विरोधकांमध्येही बंद भट्टी बॉम्बसारखी फुटते असं सांगणारे आहेत. ते तितकंच चूक. पण जैतापूरला बसवायचं ठरलेल्या ईपीआर या फ्रेंच बनावटीच्या भट्टीचाच आराखडा बघा. तिच्यात थंड करण्याच्या चार स्वतंत्र साखळ्या आहेत. एक दुरुस्तीला गेलेली, दुसरी ऐन वेळी बिघडलेली, असं धरूनच हिशेब मांडलेला आहे. एका भट्टीमागे चार मोठे डिझेल जनरेटर, आणि तेही गेले तर आणखी दोन. बाहेरची वीज गेल्यावर हे जनरेटर सुरू होतात तोवर भट्टी बंद झालेली असते. म्हणजे ही सगळी तयारी बंद भट्टीसाठीच.